बाई आणि मॅडम

गेल्या वर्षीची गोष्ट. शाळा सुटल्यावर माझ्या वर्गातल्या एका मुलाला न्यायला त्याची आई आली होती. निघताना पोराने सवयीने हाक मारली, "येतो हं, बाई!" तशी आईने त्याच्या पाठीत हलकी चापट मारली. "मॅडम म्हन! बाई मी हाये, भांडी घासनारी. त्या शिकवत्यात."

मी हसले खरी. परंतु ते वाक्य माझ्याबरोबर घरापर्यंत चालत आले.

आमचे निघोजे इंद्रायणीकाठचे. एका अंगाला देहू, दुसऱ्या अंगाला आळंदी. आळंदीशी मुक्ताबाईचे नाव जोडलेले. देहूला तुकोबांच्या ओढीने बहिणाबाई आली. त्या दोन गावांच्या मध्ये उभे राहून एका बाईला 'बाई' या शब्दाची लाज वाटावी, हे झाले तरी कसे?

आधी पाहुणीची चौकशी करू. 'मॅडम' हा शब्द इंग्रजांनी फ्रेंचांकडून घेतला. 'मा दाम' म्हणजे 'माझी स्वामिनी'. त्याचे मूळ लॅटिन 'डोमिना', म्हणजे घराची मालकीण. आपल्या भाषेत घरधनीण! पोर्तुगीजांची 'दोना' हीसुद्धा त्याच घरची लेक. इंग्लंडची राणी एलिझाबेथ २०२२ साली वारली. तिच्याशी बोलताना पहिल्यांदा 'युवर मॅजेस्टी' आणि पुढे नुसते 'मॅम' म्हणायचा रिवाज होता. इंग्रजी अमदानीत हा शब्द आपल्याकडे आला तो 'मडम' होऊन, आणि त्याचा अर्थ एकच : गोरी बाई. उत्तरेत त्याच 'मॅम'ला साहेब जोडून 'मेमसाहेब' झाली.

परंतु या राणीच्या शब्दाला त्याच्या माहेरीच डाग लागला. इंग्रजीत कुंटणखाना चालवणारीलाही 'मॅडम'च म्हणतात. 'मिस्ट्रेस'चेही तेच. 'मिस' आणि 'मिसेस' ही दोन्ही त्या शब्दाचीच आखूड रूपे. मूळ शब्द मात्र 'ठेवलेली बाई' या अर्थाला जाऊन बसला. 'सर' आणि 'मिस्टर' यांच्या वाट्याला असे काही आले नाही. पुरुषांचे मानाचे शब्द खुर्चीवर बसून राहिले आणि बायकांचे पायऱ्या उतरत गेले.

आपल्या 'बाई'चा प्रवास निराळा नाही. अहिल्याबाईंनी राज्य केले. १८४८ साली पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा भरली, तिथे सावित्रीबाई शिकवीत. १८८६ साली आनंदीबाई जोशी अमेरिकेत डॉक्टर झाल्या. यांच्यापैकी कुणाच्याही नावातून 'बाई' काढून पाहा. नाव उघडेबोडके वाटते. दिल्लीकर ज्यांना 'मॅडम' म्हणत, त्या पंतप्रधानांना महाराष्ट्र 'इंदिराबाई' म्हणे, आणि त्यात मानच होता.

पण उत्तरेत 'बाई' म्हणजे कोठ्यावर गाणारी. म्हणून अख्तरीबाई फैजाबादी लग्नानंतर बेगम अख्तर झाल्या. आपल्याकडेही मोगूबाई कुर्डीकरांच्या कन्येला रसिकांनी किशोरीताई म्हटले. एका पिढीत 'बाई'ची 'ताई' झाली. तिकडे शहरी घरांतून 'आज बाई आली नाही' या वाक्याचा अर्थ एकच उरला : भांडी पडली आहेत.

चाकणची औद्योगिक वसाहत आली आणि आमच्याही शिवारात कारखाने उभे राहिले. त्यांच्यामागून इमारती आल्या आणि नवी बोली आली. गळ्यात ओळखपत्र असेल ती मॅडम, हातात झाडू असेल ती मावशी, घरात धुणेभांडी करील ती बाई. स्त्री तीच, फक्त हातातली वस्तू बदलते.

मी तरी कुठे निराळी? पहिल्यांदा कुणी मला 'मॅडम' म्हटले, त्या दिवशी मी पदर सारखा करून ताठ बसले होते. ते सुख मी नाकारणार नाही. शिवाय 'मॅडम'चा एक गुण मानलाच पाहिजे. आपल्या पत्रिकांवर 'सौ.', 'कुमारी', 'गं. भा.' लिहितात. नाव वाचण्याआधी नवऱ्याची खबर कळते! 'मॅडम' कपाळाकडे पाहत नाही. इंग्रजांच्या 'मिस-मिसेस'मध्येही हीच अडचण होती. म्हणून तिकडे 'मिझ' हे रूप पुढे आले आणि १९७२ पासून अमेरिकेत त्या नावाचे मासिकही निघू लागले. परंतु हा गुण आमच्या 'बाई'त पहिल्यापासून होता. मुक्ताबाई अविवाहित, अहिल्याबाई विधवा, आनंदीबाई सुवासिनी. 'बाई' मात्र तिघींनाही सारखीच.

आणि जनाबाई? ती नामदेवांच्या घरची दासी. दळण, कांडण, झाडलोट हेच तिचे काम. तिच्या नावातली 'बाई' सातशे वर्षांत कुणाला हलकी वाटली नाही. तेव्हा शब्द कामाने मळत नाही, म्हणणाऱ्याच्या नजरेने मळतो.

पुढे पालकसभा झाली. हजेरी घेताना त्या मुलाच्या आईचे नाव आले. इतकी वर्षे मी 'अमक्याची आई' म्हणून पुकारत असे. त्या दिवशी तिचे स्वतःचे नाव घेतले आणि पुढे 'बाई' लावले. ती क्षणभर गोंधळली, मागे वळून पाहू लागली, की आणखी कुणी आहे की काय. मग हळूच म्हणाली, "हाये, बाई."

तिने मला 'मॅडम' म्हटले नाही. आम्ही दोघीही बाई, एकाच वर्गात, समोरासमोर. ती हजेरी मी शाईने मांडली आहे.