दूध कुणी आटवलं?



मागं कळंबला अभ्यासवर्गाचे विषय ठरत होते. कुणी राखीव जागा म्हणालं, कुणी गायरान म्हणालं. एका ताईनं सुचवलं, अंगावर पाजण्याचा विषय घ्या. पोरं हसली. एकजण म्हणाला, हा अंगणवाडीचा विषय आहे, चळवळीचा नाही. ताई गप्प बसली. मीही गप्प बसलो आणि घरी येईपर्यंत स्वतःला शिव्या देत आलो. कारण या विषयाचा इतिहास माझ्या घरात आहे, आणि बाबासाहेबांच्या कामातही आहे. तो आपल्या पोरांना ठाऊक नाही, यात दोष आमच्यासारख्या थोराड कार्यकर्त्यांचा.

आधी घरचं सांगतो. माझ्याआधी माझ्या मायला एक मुलगी झाली होती. बहात्तरच्या दुष्काळात. माय खडी फोडायला जायची, काम गावापासून दोन कोसावर. लेकरू म्हातारीजवळ. तिसऱ्या महिन्यात मायचं दूध आटलं. म्हातारीनं शेळीच्या दुधात पाणी घालून बोळ्यानं पाजलं. हगवण लागली आणि मुलगी गेली. गावानं निकाल दिला, हिचं दूधच नासकं. मायनं तो निकाल पन्नास वर्षं पदरात बांधून ठेवला.

ह्या निकालाचं अपील म्हणून मी हे लिहितोय.

दूध येतं कसं, हे आपल्यापैकी कितीजणांना माहीत आहे? बाळ स्तन ओढतं तेव्हा आईच्या मेंदूतून दोन रस सुटतात. एकानं दूध तयार होतं, त्याला प्रोलॅक्टिन म्हणतात. दुसऱ्यानं ते बाहेर ढकललं जातं, तो ऑक्सिटोसिन. आपल्या बाया त्याला पान्हा फुटणं म्हणतात, आणि शब्द अगदी बरोबर आहे. लेकराचा आवाज ऐकला तरी पान्हा फुटतो. भीती, अपमान, घाई असली की अडतो. बाळ जेवढं ओढेल तेवढं दूध बनतं. ओढलंच नाही, दूध साचून राहिलं, तर शरीर समजतं की आता गरज नाही आणि हात आखडतं. म्हणजे दूध आटतं ते बहुतेक वेळा बाईच्या रक्तात खोट असते म्हणून नाही. तिला आणि लेकराला दिवसभर वेगळं ठेवलं म्हणून आटतं. अर्धपोटी बाईलाही दूध येतं. ते तिच्या स्वतःच्या हाडामांसातून जातं, म्हणून तिला जास्त खायला मिळालं पाहिजे, हे खरं. पण दूध चांगलंच असतं. नासकं दूध नावाची गोष्ट बाईच्या अंगात नसते.

आता चिकाचं. म्हैस व्याली की तिच्या चिकाचा खरवस आपण वाटीवाटीनं शेजारी पाठवतो. आणि बाईचा चीक? पिवळा, घट्ट म्हणून पिळून मातीत टाकायचा. तीन दिवस लेकराला गुळाचं पाणी, मध, बाळगुटी. त्या दोनचार चमचे चिकात रोगाशी लढण्याची जेवढी ताकद असते तेवढी पुढं कोणत्याच दुधात नसते. जन्मल्यापासून तासाभरात लेकरू छातीला लावायचं, असं आज जगभरचे डॉक्टर सांगतात. सहा महिने फक्त आईचं दूध, उन्हाळ्यातसुद्धा वर पाणी नाही, कारण दुधात पाणीच जास्त असतं. पुढं भाकरी कुस्करून, वरण-भात, भाजी, आणि सोबत दोन वर्षं किंवा त्याहून जास्त अंगावर. आईचाही फायदा असतो. बाळ ओढतं तशी गर्भपिशवी आवळते आणि बाळंतपणानंतरचा रक्तस्राव कमी होतो. पुढच्या आयुष्यात स्तनाच्या आणि बीजकोशाच्या कर्करोगाचा धोका घटतो. आपण छप्पन साली देव टाकले, पण चीक टाकायचं काही सोडलं नाही.

आणि हे अज्ञान आपल्याच माथी मारू नका. वाड्यावरच्या बायाही चीक टाकत होत्या. मराठवाड्यात पुष्कळ गावांत सुईणपण मांगवाड्यातल्या बाईकडं होतं. वाड्यावरच्या लेकराला जगात पहिला हात तिचा लागायचा. नाळ तिनं कापायची, घाण तिनं उचलायची, आणि सुईर फिटला की पुन्हा उंबऱ्याबाहेर. तिच्या हातात एवढं मोठं शास्त्र होतं, पण तिला ते कुणी शिकवलं नाही आणि तिच्या अनुभवाचं कुणी लिहून घेतलं नाही. असो.

मुंबईकडं वळू. १९२० च्या आसपास गिरण्यांत हजारो बाया राबत होत्या. पुष्कळजणी आपल्यासारख्याच, घाटावरून पोटासाठी गेलेल्या. दहा दहा तासांची पाळी. बाळंतीण लवकर कामावर गेली नाही तर चूल बंद. मग लेकराचं काय? अफूची गोळी. बाळागोळी म्हणून ती उघड विकली जायची. सकाळी दिली की लेकरू संध्याकाळपर्यंत गुंगीत, भूक लागली तरी रडत नाही. डॉ. बार्न्स या बाईंनी १९२२ च्या सुमाराला गिरणीतल्या बायांची पाहणी केली, तर शंभरातल्या अठ्ठ्याण्णव लेकरांना अफू दिली जात होती. आता दुधाच्या शास्त्राशी हे जोडून बघा. गुंगीतलं लेकरू ओढत नाही. दिवसभर साचलेलं दूध साच्यापुढं उभ्या बाईच्या लुगड्यावर झिरपतं. महिन्याभरात ते आटतं. अफू लेकराला दिली आणि दूध आईचं मेलं.

ना. म. जोशींनी १९२४ साली मध्यवर्ती कायदेमंडळात बाळंतिणीच्या भत्त्याचं बिल आणलं, ते पडलं. मग १९२८ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात तसंच बिल आलं. विरोध करणारे म्हणाले, गिरण्यांवर बोजा पडेल. २८ जुलै १९२८ ला बाबासाहेब त्या बिलाच्या बाजूनं उभे राहिले. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विसावा मिळणं हे देशाच्या हिताचं आहे. त्याचा भार खरं तर सरकारनं उचलायला हवा. पण मालक त्या बाईच्या कामावर नफा कमावतो, तेव्हा त्यानंही आपला वाटा दिला पाहिजे. १९२९ साली कायदा झाला.

तारखा बघा. राजरत्न गेला जुलै १९२६ मध्ये. बाबासाहेब आणि रमाईंची चार लेकरं लहानपणीच गेली, एकटे यशवंतराव वाचले. मी दोन तारखा शेजारी ठेवतो. त्यापुढं काही म्हणत नाही.

पुढं मजूरमंत्री असताना १९४३ साली खाणीतल्या बायांच्या प्रसूतीलाभाच्या कायद्यात त्यांनी दुरुस्ती आणली. आपण भिंतीवर लावतो ते बाबासाहेब घटना हातात घेतलेले. कोळशाच्या खाणीतल्या बाळंतिणीच्या मजुरीचा हिशेब करणारे बाबासाहेबही तेच.

पण १९२९ चा कायदा आपल्या जिल्ह्याला लागू नव्हता. धाराशिव तेव्हा उस्मानाबाद, निजामाच्या राज्यात. आपली म्हातारी माणसं त्याला मोगलाई म्हणायची आणि पलीकडं बार्शी-सोलापूरला इंग्रजी मुलूख. मधे एक ओढा ओलांडला की कायदा बदलायचा. फेब्रुवारी १९४१ मध्ये बाबासाहेब कसबे तडवळ्याला आले, महार-मांग वतनदारांच्या परिषदेला. ते गाव बार्शी लाइट रेल्वेवर. वतन म्हणजे काय, तर रात्रंदिवस गावकी, आणि त्या गावकीत बाईही धरलेली. अंगण झाडायचं, शेणकूर करायचं, लाकडं फोडायची, कुणाच्या घरी मयत झाली की सांगावा घेऊन पळायचं. अशा बाईला लेकरू पाजायला वेळ कोणता? गावकीला सुट्टी नव्हती आणि बाळंतिणीला तर नव्हतीच. वतन मोडा असं बाबासाहेब सांगत होते, त्यात हेही आलं, असं मी समजतो.

१७ सप्टेंबर १९४८ ला निजामी गेली. १९४८ च्या फॅक्टरी कायद्यात पाळणाघर आलं. १९६१ च्या प्रसूती कायद्यात लेकरू पंधरा महिन्यांचं होईपर्यंत दिवसातून दोनदा पाजण्याची सुट्टी आली, तीही नेहमीच्या जेवणाच्या सुट्टीशिवाय. २०१७ साली पगारी रजा सव्वीस आठवड्यांची झाली. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ह्या तरतुदी घेतल्या. चांगलंच झालं. पण हे सगळं कारखाना, खाण, मळे, दुकानं, कचेऱ्या यांच्यासाठी. ज्याच्या मस्टरवर बाईचं नाव कायम आहे त्याच्यासाठी. रानातल्या बाईचं मस्टर कुठाय?

म्हणून बहात्तरकडं परत येतो. १९७३ च्या मे महिन्यात महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर जवळजवळ पन्नास लाख माणसं होती. पाझर तलाव, रस्ते, नालाबंडिंग, खडी. खायला मिलो आणि सुकडी. मजुरी हजेरीवर नाही, मोजमापावर. ही गोष्ट नीट समजून घ्या. मोजमापावर काम म्हटलं की पाजायला लागणारी प्रत्येक घटका बाईच्या स्वतःच्या मजुरीतून कापली जाते. मुकादमानं हाकलायचीही गरज नाही. माय सांगते, 'छाती दगडावानी व्हायची. खडीच्या ढिगामागं जाऊन म्या दूध पिळून टाकायची. जमीन लगीच पिऊन घ्यायची.' तिथून दोन कोसावर लेकरू पाणी घातलेलं शेळीचं दूध पीत होतं. पिळून टाकलेलं दूध झाकल्या स्वच्छ भांड्यात, गारव्याला, तीन-चार तास टिकतं आणि वाटी-चमच्यानं पाजता येतं. पण दोन कोस ते नेणार कोण? कामावर झोळी बांधायला सावली आणि लेकरांजवळ बसायला एक बाई असती तर पिळायची वेळच आली नसती.

ती बाई कायद्यात आली खरी, पण २००५ साली. रोजगार हमीच्या केंद्रीय कायद्यात लिहिलं गेलं की कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त लेकरं असतील तर ती सांभाळायला एका बाईला नेमायचं आणि तिलाही मजुरी द्यायची. माझ्या बहिणीनंतर बत्तीस वर्षांनी.

दुधाच्या डब्याचं थोडक्यात सांगतो, कारण त्यावर खूप बोललं गेलंय. कंपन्यांनी गरीब देशांत भुकटी विकली, बायांनी ती पुरवून पुरवून, मिळेल त्या पाण्यात कालवली, लेकरं हगवणीनं गेली. १९७७ साली अमेरिकेत नेसलेच्या मालावर बहिष्कार सुरू झाला, १९८१ ला जागतिक आरोग्य संघटनेनं विक्रीचे नियम केले. आपल्याकडं १९९१ साली वर्ध्याला डॉक्टर मंडळींनी स्तनपानासाठी संघटना उभी केली आणि १९९२ ला कायदा आला, डबे आणि बाटल्यांच्या जाहिरातीला बंदी. मुंबईच्या सायन इस्पितळात तर १९८९ सालापासून मातृदुधाची पेढी आहे, आशियातली पहिली. धारावीच्या शेजारी. तिथं एका बाईचं दूध दुसऱ्या बाईच्या अपुऱ्या दिवसांच्या लेकराला पाजतात आणि बाटलीवर जात लिहीत नाहीत.

आता आजचं. दसरा-दिवाळी झाली की भूम, परंडा, वाशी, कळंबमधून टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल आधीच घेतलेली. पहाटे चारला फडात. लेकरू झोळीत नाहीतर पाचटावर, वरून धुकं, मागून गाडी भरायची घाई. एक दिवस पडलं की खाडा, त्याचे पैसे उचलीत चढतात. बाईला दम नाही, आणि दूध आटलं तर पुन्हा तेच, 'हिचंच दूध कमी.' बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांच्या गर्भपिशव्या काढल्या जातात म्हणून २०१९ ला सरकारला चौकशी करावी लागली. गर्भपिशवीची बातमी झाली. दुधाची होत नाही, कारण ते सगळ्यांदेखत गुपचूप आटतं. कारखान्याच्या आवारातल्या कामगार बाईला पाजण्याची सुट्टी आणि त्याच कारखान्याला ऊस घालणाऱ्या बाईला काही नाही. टोळीच्या करारात कोयता मोजला जातो, लेकरू मोजलं जात नाही. गाळप सुरू व्हायच्या आत कोपीकोपीवर जाऊन हे लिहून घ्यायचं काम आहे. किती लेकरं सहा महिन्यांच्या आतली, किती दोन वर्षांच्या आतली, फड कोपीपासून किती लांब. त्या ताईला पुढं करा. हसू नका.

मायला मी हे सगळं सांगितलं तेव्हा ती ऐंशीला टेकली होती. दूध ओढण्यानं येतं, साचलं की आटतं, तुझ्यात काही खोट नव्हती, असं तीनदा सांगितलं. ती बराच वेळ लुगड्याच्या काठाशी चाळा करत बसली. मग म्हणाली, 'हे तवा कुनाला ठावं व्हतं का रं?'

मी म्हणालो, व्हतं माय. मुंबईला लई आधीपासून ठावं व्हतं.

'मंग खडीवर कुनी सांगाया आलं न्हाई,' ती म्हणाली.