न टिकलेल्या थरांची गोष्ट

पावसाळ्यात रस्त्यावर सांडलेल्या तेलाच्या तवंगावर रंग दिसतात. व्यतिकरणाचे उदाहरण म्हणून ते आपण विद्यार्थ्यांना दाखवतो. तवंगाच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठभागावरून परतणारे किरण एकमेकांत मिसळतात. काही रंग उजळतात, काही मावळतात. त्यावरून तवंगाच्या जाडीचाही अंदाज येतो. पण थर धातूचा आणि जेमतेम दोनशे अँगस्ट्रॉम जाडीचा असेल तर? (एक अँगस्ट्रॉम म्हणजे सेंटिमीटरचा दहा कोटीवा भाग.) दृश्य प्रकाशाची तरंगलांबी चार ते सात हजार अँगस्ट्रॉम, म्हणजे या कामाला फारच मोठी. इथे एक-दीड अँगस्ट्रॉम तरंगलांबीचे क्ष-किरणच हवेत.

मात्र हे किरण वळायलाच तयार नव्हते. राँटगेन यांनी 1895 मध्ये लोलक वापरून पाहिले, पण निश्चित असे वक्रीभवन त्यांना आढळले नाही. त्याचे कारण पुढे कळले. क्ष-किरणांसाठी पदार्थाचा वक्रीभवनांक एकापेक्षा किंचित कमी असतो. निकेलसाठी तो लाखात दोन-तीन भागांनी कमी भरतो. यातला ‘कमी’ हा शब्द महत्त्वाचा. प्रकाश काचेतून हवेत जाताना पूर्ण आंतरिक परावर्तन होते, हे आपण शिकवतो. क्ष-किरणांच्या दृष्टीने हवा घन आणि धातू विरळ! त्यामुळे पृष्ठभागाला जवळजवळ घासून येणारा किरण बाहेरच्या बाहेर पूर्ण परावर्तित होतो. कॉम्प्टन यांनी 1923 मध्ये हे दाखवले. 1.54 अँगस्ट्रॉमचे किरण निकेलवर पडत असतील तर ही मर्यादा सुमारे 0.4 अंश आहे.

कोन याहून थोडा वाढवला की काही किरण थरात शिरतात, खालच्या काचेवरून परततात आणि वरून परतलेल्यांना मिळतात. काचेवरच्या निकेलच्या थरात असे व्यतिकरणाचे पट्टे हाइन्झ किसिग यांना मिळाले, ते 1931 मध्ये. गणित फळ्यावर करण्याइतके सोपे आहे: लगतच्या दोन पट्ट्यांमधला कोन (रेडियनमध्ये) गुणिले जाडीची दुप्पट, म्हणजे साधारण तरंगलांबी. कोनातला फरक 0.22 अंश, म्हणजे 0.00385 रेडियन असेल, तर जाडी 200 अँगस्ट्रॉम येते. थराला ओरखडासुद्धा न काढता!

याच दशकात कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये ड्यूमाँड आणि यूट्झ यांनी वेगळाच उद्योग आरंभला. निसर्गातल्या स्फटिकात अणूंच्या प्रतलांमधले अंतर ठरलेले असते. आपल्या मनाजोगे अंतर ठेवून कृत्रिम स्फटिकच बनवला तर? त्यांनी निर्वातात तांबे आणि सोने आलटून पालटून वाफेच्या रूपाने बसवले. ब्रॅगच्या नियमाप्रमाणे अपेक्षित कोनात परावर्तन मिळालेही. 1935 मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केले. पण ते परावर्तन दिवसेंदिवस क्षीण होत गेले. सोने तांब्यात आणि तांबे सोन्यात मुरत होते, आणि तेही खोलीच्या तापमानाला.

इथे दोघांनी हात झटकले असते तर कोणी नावे ठेवली नसती. त्यांनी मात्र परावर्तन किती वेगाने क्षीण होते तेच मोजले आणि त्यावरून विसरणाचा वेग काढला. एरवी विसरण मोजायचे तर धातू तापवून ठेवावा लागे आणि अणू पुरेसे दूर जाईपर्यंत थांबावे लागे. इथे थरच इतके पातळ, की अणू चार पावले सरकले तरी परावर्तनात फरक दिसे. 1940 मधला त्यांचा हा लेख आम्हाला 1935 च्या लेखापेक्षा मोलाचा वाटतो.

आज अनेक थरांच्या परावर्तनाचे आलेख संगणक क्षणात जुळवून देतो. त्यामागची एकेका थरातून पायरीपायरीने जाण्याची पद्धत पॅरट यांची, 1954 ची. आमचे नवे विद्यार्थी आलेख जुळला की खूश होतात. मग त्यांना सांगावे लागते, की मोजणीत फक्त तीव्रता हाती येते, तरंगाची कला हरवते. त्यामुळे वेगळ्या रचनेचा थरही जवळजवळ तोच आलेख देऊ शकतो.

ड्यूमाँड यांचा कृत्रिम स्फटिक आता टिकाऊ झाला आहे. संगणकाच्या अत्याधुनिक चिप कोरणाऱ्या यंत्रांत 135 अँगस्ट्रॉम तरंगलांबीचे किरण आरशांवरून वळवतात. त्या आरशांवर मॉलिब्डेनम आणि सिलिकॉन यांच्या थरांच्या चाळीस-पन्नास जोड्या असतात, प्रत्येक जोडी सुमारे 70 अँगस्ट्रॉमची. त्याही एकमेकींत मुरू पाहतात, म्हणून काही आरशांत दोन थरांच्या मध्ये बोरॉन कार्बाइडचा काही अँगस्ट्रॉम जाडीचा पडदा घालतात.