फाळणीनंतरच्या पश्चिम भारतातील सिंधी निर्वासितांच्या संस्था आणि समाजकल्याण

प्रस्तावना

१९४७ च्या फाळणीत पंजाब व बंगाल हे प्रांत विभागले गेले. सिंध मात्र संपूर्णपणे पाकिस्तानात गेला. परिणामी भारतात आलेल्या सिंधी हिंदूंना स्वभाषेचा प्रदेश उरला नाही. ही उणीव त्यांनी स्वतः उभारलेल्या संस्थांनी कितपत भरून काढली, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

छावणी आणि पंचायत

जानेवारी १९४८ मधील कराचीच्या दंगलीनंतर स्थलांतराचा ओघ वाढला. समुद्रमार्गे मुंबईस आलेल्या असंख्य कुटुंबांना कल्याणजवळील, दुसऱ्या महायुद्धकाळात उभारलेल्या लष्करी छावणीच्या बराकींत आश्रय देण्यात आला. पाच कॅम्पांच्या या वसाहतीस १९४९ साली ‘उल्हासनगर’ हे नाव मिळाले. निवारा व शिधा शासनाने पुरविला. तथापि आपापसांतील तंटे, मुलींचे विवाह, निराधारांचा निर्वाह हे प्रश्न केवळ शिध्याने सुटणारे नव्हते. सिंधमधील मूळ गावांच्या नावे पुन्हा उभ्या राहिलेल्या पंचायतींनी ते हाती घेतले.

भागभांडवल आणि शिक्षण

या प्रयत्नांचे स्वरूप केवळ दानधर्माचे नव्हते. भाई प्रताप दियालदास यांच्या पुढाकाराने १९४८ मध्ये स्थापन झालेली ‘सिंधू रिसेटलमेंट कॉर्पोरेशन’ ही भागभांडवलावर आधारित कंपनी होती. कच्छच्या महारावांनी दिलेल्या जमिनीवर तिने गांधीधाम वसविले. येथे निर्वासित हा भागधारकही होता.

शिक्षणक्षेत्रातही हेच दिसते. कराचीच्या डी. जे. सिंध कॉलेजमधील अध्यापकांनी १९४८ मध्ये मुंबईत जय हिंद कॉलेज सुरू केले. पाठोपाठ १९४९ मध्ये प्राचार्य के. एम. कुंदनानी व बॅरिस्टर होतचंद अडवाणी यांच्या प्रयत्नांतून वांद्रे येथे नॅशनल कॉलेज उभे राहिले. त्याच्या नावात सिंधमधील हैदराबादच्या नॅशनल कॉलेजची स्मृती होती. इमारती व ग्रंथालये मागे राहिली होती. अध्यापक आणि अध्यापनाची परंपरा मात्र सोबत आली होती.

मर्यादा

या व्यवस्थेला मर्यादाही होत्या. पंचायतीचे साहाय्य मूळ गावाच्या व नात्यागोत्याच्या ओळखीवर अवलंबून असे. ज्याची अशी ओळख नसे, तो उपेक्षित राहण्याचा संभव होता. देणगीदारांवरील भिस्तीमुळे धनिकांचा शब्द वजनदार ठरला. शिवाय १९६७ साली घटनेच्या आठव्या अनुसूचीत सिंधीचा समावेश झाला, तरी व्यवसायाच्या गरजेपोटी पुढील पिढ्या इंग्रजी व हिंदीकडे वळल्या. संस्थांनी माणसे सावरली. भाषा त्या प्रमाणात सावरता आली नाही.

निष्कर्ष

शासनाने छप्पर दिले, तर संस्थांनी निर्वासिताला निर्णयात वाटा दिला. आश्रित म्हणून आलेल्या समाजाने उभारलेल्या महाविद्यालयांत पुढे सर्वभाषक विद्यार्थी शिकले. पुनर्वसनाचे मोजमाप केवळ वाटलेल्या घरांवरून न करता, विस्थापितांच्या हाती आलेल्या संस्थांवरूनही करावयास हवे, हे या इतिहासावरून स्पष्ट होते.