लग्नाची सीडी मोबाइलवर कशी आणावी?

गंगापूर रोडवरील लॉन्स आणि मंगल कार्यालयांत २००० नंतरच्या दशकात जे विवाह झाले, त्यांचे चित्रण बहुधा व्हीसीडी किंवा डीव्हीडीवर यजमानांच्या हाती आले. मुंज, बारसे, २००३च्या सिंहस्थात आलेल्या पाहुण्यांचे चित्रण यांचीही तीच गत. आता बहुतेक नव्या लॅपटॉपना तबकडीचा ड्राइव्हच नसतो. परिणामी, आज हयात नसलेल्या आजी-आजोबांचा आवाज कपाटातील तबकडीतच अडकून राहतो. तो मोबाइलवर आणणे अवघड नाही. मात्र काही पथ्ये पाळावी लागतात.

डबा निराळा, ऐवज निराळा

फाइलच्या नावाअखेरची एव्हीआय, एमकेव्ही किंवा एमपी४ ही अक्षरे म्हणजे केवळ डब्याचे नाव होय. डब्यात चित्र व ध्वनी ज्या पद्धतीने आकुंचित करून भरलेले असतात, तिला ‘कोडेक’ म्हणतात. त्यामुळे फाइलचे नाव बदलल्याने रूपांतर होत नाही. व्हीसीडीमध्ये एमपीईजी-१ पद्धतीचे, ३५२ बाय २८८ बिंदूंचे चित्र असते. डीव्हीडीमध्ये एमपीईजी-२ पद्धतीचे, भारतात सहसा ७२० बाय ५७६ बिंदूंचे. मोबाइलसाठी सर्वांत निर्धोक जोडी म्हणजे एमपी४ डब्यातील एच.२६४ चित्र आणि एएसी ध्वनी. २००३ साली मान्य झालेली एच.२६४ पद्धत अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींवर चालते. २०१३ची एच.२६५ पद्धत जागा कमी घेते. परंतु जुने फोन तिला दाद देतीलच असे नाही.

आधी प्रत, मग रूपांतर

यूएसबीने जोडता येणारा डीव्हीडी ड्राइव्ह घेऊन प्रथम तबकडीतील सर्व मजकूर संगणकावर उतरवून घ्यावा. डीव्हीडीतील ‘व्हिडिओ टीएस’ हा संपूर्ण फोल्डर घ्यावा, कारण चित्रण एकेक जीबीपर्यंतच्या व्हीओबी फाइलींत विभागलेले असते. व्हीसीडीत ‘डॅट’ फाइल असते. व्हीसीडीतील चित्रणाला साध्या डेटा सीडीइतके चूकदुरुस्तीचे संरक्षण नसते. म्हणून ओरखडे वाढण्याआधीच हे काम उरकलेले बरे. तबकडी पुसताना मऊ कापड मध्यापासून कडेकडे सरळ फिरवावे, गोलाकार नव्हे.

प्रत मिळाल्यावर ती मोबाइलवरील व्हीएलसी या विनामूल्य प्लेअरमध्ये उघडून पाहावी. अनेकदा चित्रण तसेच चालते आणि रूपांतराची गरजच उरत नाही. फाइल अन्य नातेवाइकांना पाठवायची असेल किंवा फोनच्या गॅलरीत हवी असेल, तर मात्र रूपांतर करावे.

रूपांतराची रीत

संगणकासाठी हँडब्रेक हे विनामूल्य सॉफ्टवेअर सोयीचे आहे. डीव्हीडीचा फोल्डर त्यात उघडावा, एमपी४ आणि एच.२६४ निवडावे आणि दर्जाचा ‘आरएफ’ आकडा २०च्या आसपास ठेवावा. आकडा जितका लहान, तितका दर्जा चांगला आणि फाइल मोठी. हलणाऱ्या हातांच्या कडांवर कंगव्याच्या दात्यांसारख्या रेषा दिसत असतील, तर ‘डीइंटरलेस’ हा पर्याय लावावा. व्हीसीडीच्या डॅट फाइलसाठी संगणकावरील व्हीएलसीतील ‘कन्व्हर्ट/सेव्ह’ ही सोय उपयोगी पडते.

चित्राचा आकार मुळापेक्षा वाढवू नये. त्याने फाइल फुगते, तपशील वाढत नाही. फाइल किती मोठी होईल याचा अंदाज सोप्या गणिताने येतो. सेकंदाला १,५०० किलोबिट या दराने एका तासाचे चित्र सुमारे ६७५ एमबी जागा घेते. सर्व चित्रण हाती घेण्यापूर्वी दोन मिनिटांचा तुकडा रूपांतरित करून ओठांची हालचाल व आवाज जुळतात का, ते फोनवर तपासावे. व्हॉट्सअॅपवरून पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावे. अन्यथा चित्र पुन्हा आकुंचित होते.

मूळ टाकू नये

रूपांतराच्या प्रत्येक फेरीत काही तपशील कायमचा गळतो. २००० नंतरच्या दशकातील अनेक फोनसाठी चित्रफीत ३जीपी स्वरूपात, १७६ बाय १४४ बिंदूंपर्यंत लहान करून घ्यावी लागे. मूळ तबकडी टाकून तेवढीच फाइल ज्यांनी जपली, त्यांना आज मोठ्या पडद्यावर नवरा-नवरीचे चेहरेही धड ओळखता येत नाहीत. फोन बदलत राहतील. त्यासाठीची प्रत केव्हाही नव्याने करता येईल, पण मूळ असेल तरच. म्हणून तबकडीवरून उतरवलेली मूळ फाइल दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवावी आणि त्यातील एक दुसऱ्या घरी असावी.

भारतीय चित्रपटाचे जनक दादासाहेब फाळके यांचे १९४४ साली नाशकातच निधन झाले. त्यांच्या बहुतेक मूकपटांच्या प्रती आज उपलब्ध नाहीत. घरच्या चित्रणाबाबत तशी हानी टाळण्यासाठी सुटीचा एक दिवस काढला तरी पुष्कळ आहे.