नमस्काराचा प्रवास : शिवथरघळ, औंध, लंडन

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

एकवीस जूनला आमच्या महाड-पोलादपूरकडे सूर्य दिसत नाही. सावित्री गढूळ होऊन वाहत असते, भाताची रोपे वर आलेली असतात, लावणी तोंडावर असते आणि डोंगर ढगांत बुडालेले असतात. अशा सकाळी शाळेच्या हॉलमध्ये, जिथे पत्रा गळतो तिथली सतरंजी थोडी बाजूला ओढून, मुले रांगेत उभी राहतात आणि सूर्यनमस्कार घालतात. उत्तर गोलार्धातला सर्वांत मोठा दिवस म्हणून ही तारीख निवडली गेली. ११ डिसेंबर २०१४ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ठराव मंजूर केला, १७७ देश त्याचे सहप्रस्तावक होते आणि २०१५ पासून जगभर योग दिन सुरू झाला. तारीख ठरवताना कोकणातला मृगाचा पाऊस कुणाच्या डोळ्यांपुढे असण्याचे कारण नव्हते. असो.

पोलादपूर तालुक्यातल्या एका गावी अशाच कार्यक्रमाला चार शब्द बोलायला मला बोलावले होते. प्रास्ताविक करणारे गुरुजी मोठ्या उत्साहाने म्हणाले, ‘सूर्यनमस्कार आपल्या शिवथरघळीतून साऱ्या जगात गेले.’ टाळ्या पडल्या. खरे सांगतो, क्षणभर मलाही बरे वाटले. आपल्या डोंगरातली गोष्ट न्यूयॉर्कच्या हिरवळीवर पोहोचली, हे कुणाला आवडणार नाही? पण इतिहास वाचायची खोड असलेल्या माणसाला टाळ्या संपल्यावर प्रश्न पडतो. हे कितपत खरे?

शिवथरघळ बहुतेकांनी पाहिली असेल. महाडहून वरंध घाटाच्या रस्त्याला लागायचे, बिरवाडी मागे टाकायची आणि शिवथरच्या खोऱ्यात उतरायचे. पावसाळ्यात घळीच्या तोंडावर धबधबा कोसळत असतो, आत बोललेले नीट ऐकू येत नाही. समर्थ रामदासांनी सतराव्या शतकात येथे दासबोध सांगितला आणि कल्याणस्वामींनी तो लिहून घेतला, अशी परंपरा आहे. मधल्या काळात ही जागा विस्मृतीत गेली होती. १९३० साली धुळ्याचे समर्थभक्त शंकरराव देव यांनी ती शोधून काढली. समर्थ रोज बाराशे नमस्कार घालीत, ही कथा तर आपण लहानपणापासून ऐकतो.

आता दासबोध उघडा. चौथ्या दशकात नवविधा भक्ती आहे, तिच्यातली सहावी वंदनभक्ती. तिथे नमस्काराचे माहात्म्य आहे, सूर्याचेही नाव येते. पण तो नमस्कार म्हणजे लीनता. अहंकार खाली ठेवायचा, वडीलधाऱ्यांपुढे, संतांपुढे, देवापुढे वाकायचे. श्वास कधी घ्यावा, पाय कुठे न्यावा, पाठ किती वाकवावी, यातले काही तिथे नाही. समर्थांनी बलोपासना शिकवली, मारुतीची देवळे उभारली, हे खरेच. परंतु आजच्या सूर्यनमस्काराची कृती दासबोधात शोधणे व्यर्थ आहे.

मग ती योगाच्या जुन्या ग्रंथांत असेल? तिथे तर गंमतच आहे. पतंजलींनी आसनाला दोन-तीन सूत्रांपलीकडे जागा दिली नाही. बसणे स्थिर आणि सुखाचे असावे, एवढाच त्यांचा आग्रह. महाडजवळच्या गांधारपाल्याच्या लेण्यांत भिक्खूंसाठी कोरलेल्या त्या लहान खोल्या पाहिल्या की बसण्याची ही साधना किती जुनी, याचा अंदाज येतो. पुढे पंधराव्या शतकाच्या सुमारास स्वात्मारामाने हठप्रदीपिका लिहिली. तिच्यात पंधरा आसने आहेत, बहुतेक बसून करायची. सूर्यनमस्कार नाही. उलट शरीराला क्लेश देणारी कामे साधकाने टाळावीत, असे तिथे सांगितले आहे. एकोणिसाव्या शतकात ब्रह्मानंदांनी तिच्यावर ‘ज्योत्स्ना’ नावाची टीका लिहिली. शरीरक्लेश म्हणजे काय, हे समजावताना त्यांनी दोन उदाहरणे दिली : पुष्कळ सूर्यनमस्कार घालणे आणि पुष्कळ ओझी वाहणे!

ही ओळ प्रथम वाचली तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवले होते. ओझे वाहणे म्हणजे काय, हे पोलादपूरच्या माणसाला सांगायला नको. पण त्यातून एक गोष्ट निश्चित कळते. एकोणिसाव्या शतकात सूर्यनमस्कार चांगलेच प्रचारात होते आणि जाणत्या योग्यांच्या लेखी ते योग नव्हते. ते आखाड्यात होते, जोर-बैठकांच्या शेजारी. आणि देवघरासमोर होते, व्रत म्हणून.

ते तिथून बाहेर कसे आले, हे पाहायचे तर पोलादपूरहून आंबेनळी घाट चढावा, महाबळेश्वर ओलांडून सातारा गाठावा आणि पुढे औंधला जावे. औंध हे सत्तर-बहात्तर गावांचे चिमुकले संस्थान. तिथले राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे मोठे हौशी गृहस्थ, चित्रकार, कीर्तनकार. तरुणपणी त्यांना युजेन सँडो या युरोपीय पहिलवानाच्या व्यायामाचे वेड लागले. उपकरणे मागवली, जवळजवळ दहा वर्षे तो व्यायाम निष्ठेने केला. मग मिरजेच्या राजेसाहेबांच्या सांगण्यावरून ते नमस्कारांकडे वळले आणि आयुष्यभर त्यांचेच झाले. संस्थानातल्या शाळांतून त्यांनी नमस्कार सक्तीचे केले, गावोगाव स्वतः घालून दाखवले, पुस्तके लिहिली. १९३६ साली ते इंग्लंडला गेले तेव्हा लुईस मॉर्गन या पत्रकार बाईंनी त्यांची मुलाखत घेतली आणि १९३८ साली लंडनमध्ये त्यांचे इंग्रजी पुस्तक निघाले. उपकरण नको, जागा थोडी, वेळ थोडा, घरच्या बायकांनाही जमेल असा व्यायाम. संस्थानिकाच्या पुस्तकात बायकांच्या प्रकृतीचा एवढा विचार असावा, याचे मला आजही कौतुक वाटते. त्यांचे पुत्र आप्पा पंत पुढे भारताचे राजदूत म्हणून देशोदेशी गेले. त्यांनीही सूर्यनमस्कारांवर इंग्रजीत पुस्तक लिहिले.

त्याच सुमारास म्हैसूरच्या राजवाड्यात कृष्णम्माचार्य आसने शिकवत होते आणि तिथे नमस्कारांचेही वर्ग चालत. त्यांचे शिष्य पट्टाभी जोइस यांच्या पद्धतीत सूर्यनमस्कार आसनांना कायमचे जोडले गेले. आज परदेशातल्या वर्गांत जो वेगवान योग दिसतो, त्याचे एक मूळ इथे आहे. सगळ्यांना ही सोयरीक पसंत होती असे नाही. १९१८ साली मुंबईत योग इन्स्टिट्यूट काढणारे श्रीयोगेंद्र हे स्पष्ट सांगत, की सूर्यनमस्कार हा व्यायाम आहे, योगात त्याची भेसळ नको. म्हणजे ज्याला आपण योगाचा श्रीगणेशा समजतो, त्याला घरात घ्यावे की नाही यावर शंभर वर्षांपूर्वी वाद होता.

‘मला कोणता योग योग्य?’ हा प्रश्न मला बरेच लोक विचारतात. मी योगशिक्षक नाही. पण इतिहास वाचून मला एक चाळणी सापडली आहे. ही पद्धत मुळात कोणासाठी बसवली, हे विचारावे.

लोणावळ्याच्या कैवल्यधामचे स्वामी कुवलयानंद, म्हणजे जगन्नाथ गणेश गुणे, हे बडोद्याच्या माणिकरावांच्या आखाड्यात तयार झालेले. पुढे नर्मदाकाठी माधवदासजींकडे योग शिकले आणि नौली करताना पोटात नेमके काय होते, हे पाहण्यासाठी त्यांनी क्ष-किरण यंत्राची मदत घेतली. १९२४ साली कैवल्यधाम सुरू झाले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिकही. त्यांनी आसनांवर लिहिलेल्या पुस्तकात एकच अभ्यासक्रम सर्वांच्या माथी मारलेला नाही. धडधाकटासाठी पूर्ण, वेळ कमी असणाऱ्यासाठी छोटा आणि अशक्तासाठी सोपा, असे तीन आहेत. कान वाहत असेल, हृदय दुबळे असेल, तर शीर्षासनाच्या वाटेला जाऊ नये, हेही त्यांनी बजावले आहे. कॉलेजात असताना पुस्तकातले चित्र पाहून मी शीर्षासन करायला गेलो आणि आठवडाभर मान धरून फिरलो. चित्र पाहिले, सूचना वाचली नव्हती.

पुण्याचे बी. के. एस. अय्यंगार यांची कथा आणखी वेगळी. लहानपणी फ्लू, हिवताप, क्षय यांनी पोखरलेला हा मुलगा १९३७ साली पुण्यात शिकवायला आला तेव्हा अठरा वर्षांचा होता. मराठी येत नव्हते, विद्यार्थी त्याच्याहून धट्टेकट्टे. त्याला आपल्या शरीराशी भांडूनच एकेक आसन मिळवावे लागले. म्हणून विटा, दोर, पट्टे, खुर्ची यांचा आधार घेऊन आसन करायची रीत त्यांनी घडवली. १९५२ साली मुंबईत व्हायोलिनवादक यहुदी मेनुहिन त्यांना भेटले, त्यांनी अय्यंगारांना युरोपात नेले. १९६६ साली ‘लाइट ऑन योग’ आले आणि पुढची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. ज्याचे गुडघे बोलतात, कंबर धरते, त्याने खुर्ची धरून आसन करण्यात कमीपणा मानू नये. ती पद्धत दुखऱ्या माणसानेच तयार केली आहे.

आता आमच्या भागाकडे येऊ. पनवेल-मुंबईला खुर्चीवर बसून काम करणारा आमचा चाकरमानी आणि गावातली त्याची आई, या दोघांना एकच योग कसा चालेल? त्याचे पाय दिवसभर लटकलेले, श्वास वरवरचा. त्याला औंधच्या राजाचे नमस्कार उत्तम, सावकाश वाढवत नेलेले. आईने मात्र सकाळी डोंगरातून लाकडाचा भारा चुंबळीवर आणलेला असतो, दुपारी चिखलात वाकून लावणी केलेली असते. पुढे वाकणे तिचे दिवसभर झालेलेच आहे. तिला आणखी बारा वेळा वाकायला सांगणे हा, माझ्या मते, अडाणीपणा आहे. तिची पाठ हळूहळू मागे न्यावी, पाय भिंतीला टेकवून उताणे निजवावे, दीर्घ श्वास घ्यायला सांगावे. रक्तदाब किंवा गुडघ्याचे दुखणे असेल तर आधी डॉक्टरला विचारावे.

त्या दिवशी त्या गावात मी हे बोललो. शिवथरघळीबद्दलही बोललो, जपूनच, कारण माणसांचा अभिमान असा हिसकावून घेता येत नाही. गुरुजी जरा हिरमुसले. मग म्हणाले, ‘म्हणजे समर्थांचा काही संबंधच नाही म्हणता?’ मी म्हटले, ‘गुरुजी, नमस्कार त्यांचा आहेच. कवायत औंधची.’ ते हसले, पण पुरते पटले नसावे.

शेवटी शिक्षिका बाईंनी सर्वांना शवासन करायला सांगितले. हठप्रदीपिकेतल्या त्या पंधरा आसनांत हे एक आहे आणि ते थकवा घालवते असे तिथे म्हटले आहे. मागच्या रांगेत एक काकू होत्या, साठीच्या पुढच्या. नातवाला सोडायला आल्या होत्या, आग्रहाने बसवून घेतलेल्या. नमस्कारांच्या वेळी त्या भिंतीला टेकून नुसत्या पाहत होत्या. शवासनाला मात्र आडव्या झाल्या. बाहेर पाऊस लागलेला. ‘आता सावकाश डोळे उघडा’, बाई म्हणाल्या. सगळे उठले. काकू घोरत होत्या. नातू उठवायला धावला तेव्हा गुरुजींनीच त्याचा हात धरला आणि सतरंजीचे कोरडे टोक त्यांच्या पायांवर ओढले.