सांताची मांडी फुकट, फोटोचे पैसे

२०१८ सालच्या डिसेंबरात मी न्यू जर्सीला मुलीकडे होतो. नात सव्वातीन वर्षांची. तिला सांताक्लॉज दाखवायचा म्हणून एका शनिवारी आम्ही सगळे तिथल्या एका मॉलमध्ये गेलो. दीड तास रांगेत उभे राहिलो. आमची पाळी आली, मुलीने पोरीला त्या लाल डगलेवाल्या म्हाताऱ्याच्या मांडीवर ठेवले आणि पोरीने भोकाड पसरले. फोटोवाल्याने तेवढ्यात तीन वेळा बटण दाबले. 'स्वतःच्या कॅमेऱ्याने फोटो काढू नये' अशी पाटी शेजारीच होती. गल्ल्यापाशी दरपत्रक पाहिले. सर्वांत लहान पाकीट ४२ डॉलरचे. मी मनातल्या मनात सत्तरने गुणले. ही बेळगावकराची खोड समुद्रापलीकडेही जात नाही. मुलीला म्हणालो, "अगं, तीन हजार रुपये? रडक्या पोरीच्या फोटोला?"

"बाबा, भेटायचे पैसे घेत नाहीत ते. फोटोचे तेवढे घेतात," ती म्हणाली.

एकतीस वर्षे शाळेत इतिहास शिकवल्यामुळे असेल, ते वाक्य डोक्यात राहिले. पुढचे तीन आठवडे मी तिथल्या गावच्या वाचनालयात बसलो. जे हाती लागले ते इथे सांगतो.

आमच्या बेळगावच्या कॅम्पात डिसेंबरअखेरीस एक म्हातारा असतोच. पण तो 'ओल्ड मॅन' ३१ तारखेच्या रात्री जाळायचा. त्याच्या मांडीवर कोणी बसत नाही. मांडीवर बसवून घेणारा म्हातारा ही अमेरिका-इंग्लंडच्या दुकानदारीची देणगी. सेंट निकोलस हा मूळचा आशिया मायनरमधला बिशप. न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रॉय गावच्या वर्तमानपत्रात १८२३ साली छापलेल्या एका कवितेने त्याला रेनडियरच्या गाडीत बसवले, आणि १८६३ पासून टॉमस नास्ट या व्यंगचित्रकाराने त्याला ढेरी आणि दाढी दिली. पण कागदावरच्या म्हाताऱ्याला भेटायला जायचे कुठे? तो तर रात्री धुराड्यातून येऊन निघून जाणारा.

भेटीची जागा दुकानांनी काढली. लिव्हरपूलच्या लुईस या दुकानाने १८७९ साली मुलांसाठी नाताळची परीनगरी मांडली. पूर्व लंडनमधल्या स्ट्रॅटफर्डच्या एका दुकानाने १८८८ मध्ये फादर ख्रिसमसची गुहा केली. अमेरिकेत मान दिला जातो तो मॅसॅच्युसेट्समधल्या ब्रॉक्टन या गावाला. गाव जोडे बनवणाऱ्यांचे. तिथे जेम्स एडगर नावाचा स्कॉटलंडहून आलेला दुकानदार होता. १८९० साली त्याने नास्टच्या चित्राबरहुकूम लाल पोशाख शिवून घेतला आणि तो घालून स्वतःच आपल्या दुकानात हिंडू लागला. बातमी पसरली आणि बॉस्टन, प्रॉव्हिडन्सहून आईबाप मुलांना आगगाडीत घालून आणू लागले, असे सांगतात. एडगरने भेटीचे काही घेतले नाही. गरिबांच्या मुलांना मदत करणारा म्हणूनही त्याची आठवण निघते. मला तो माणूस आवडला. तरीही आगगाडीचे तिकीट त्या आईबापांनीच काढले होते, आणि दुकानात येऊन रिकाम्या हाताने परत जाणारे त्यांत किती असतील?

इतर दुकानदारांनी हे नेमके हेरले. सांता फुकट ठेवायचा, पण वाट दुकानातून काढायची. न्यूयॉर्कच्या मेसीज दुकानात सांतानगरी आठव्या मजल्यावर आहे. तिथे आता आधी नोंदणी करून जावे लागते, पण भेटीला पैसे पडत नाहीत. आठव्या मजल्यावर जायचे म्हणजे सात मजले ओलांडायचे, हे मुलांच्या नाही तरी आईबापांच्या ध्यानात येतेच. याच दुकानाने १९२४ साली नोकरमाणसे आणि प्राणिसंग्रहालयातली जनावरे घेऊन मिरवणूक काढली आणि शेवटी सांताला आणून दारात उतरवले. हे सगळे पाहिल्यावर देवळाबाहेरच्या हारफुलांच्या, बत्ताशांच्या दुकानांची आठवण येते. दर्शन फुकटच असते.

पण खरा पालट झाला तो १९४३ साली, पश्चिम किनाऱ्यावरच्या सिॲटल शहरात. आर्ट फ्रेंच नावाचा एक वृत्तपत्र-छायाचित्रकार होता. समोरच्या फ्रेडरिक अँड नेल्सन या दुकानात सांतासाठी लागलेली मुलांची रांग त्याच्या नजरेस पडली. त्याने तिथे कॅमेरा लावला आणि एका फोटोला एक डॉलर घेतला. त्या एका हंगामात त्याला दहा हजार डॉलर मिळाले, असे सांगतात. तोवर सांताच्या भेटीतून घरी येत असे ते खेळणे किंवा खाऊ. आता भेटच घरी येऊ लागली, चौकटीत बसवून. आईबापांना दुसरे काही विकण्याची गरज उरली नाही. त्यांचेच मूल त्यांना विकता येत होते!

हे वाक्य मी वहीत मोठ्या तोऱ्यात लिहिले, आणि तिथेच थांबलो.

१९५८ साली आम्ही सौंदत्तीला यल्लम्माच्या जत्रेला गेलो होतो. मी सात वर्षांचा, धाकटी बहीण चारची. जत्रेत फोटोवाला होता. रंगवलेला पडदा, पुढे पुठ्ठ्याची मोटार. बहिणीला त्या मोटारीत बसायचे होते. बसू दिले त्याने, बसण्याचे पैसे नव्हते. फोटोला दीड रुपया म्हणाला. वडिलांनी खिशात हात घातला, परतीच्या एसटीचा हिशेब केला असावा, आणि म्हणाले, "पुढल्या वर्षी काढू, हं." पुढच्या आषाढात ती घटसर्पाने गेली. तिचा एकही फोटो नाही. आई म्हातारपणी मला विचारायची, "तिचे डोळे कुणासारखे होते रे?" मला आठवत नसे. मोटार तेवढी आठवते, निळी होती.

तेव्हा आर्ट फ्रेंचने काय विकले, याचा हिशेब मला नीट मांडता येत नाही.

पुढचा इतिहास तिकिटाचा आहे. फिनलंडमधले रोव्हानिएमी शहर १९४४ साली माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने जाळून टाकले होते. १९५० साली एलेनॉर रूझवेल्ट तिथली पुनर्बांधणी पाहायला येणार म्हणून आर्क्टिक वृत्तावर घाईने एक लाकडी खोपटे बांधले गेले. लोक ते पाहायला येऊ लागले. १९८४च्या नाताळात लंडनहून थेट काँकॉर्ड विमान उतरले, आणि १९८५ साली तिथे सांताचे गाव वसले. गावात शिरायला आणि सांताला भेटायला आजही पैसे नाहीत; विमान, खोली, रेनडियरची गाडी आणि फोटो यांचे मात्र आहेत. जळालेल्या शहराने पोट भरायला हा म्हातारा धरला, त्याला कोण नावे ठेवणार?

ज्यांना फिनलंड परवडत नाही त्यांच्यासाठी इंग्लंडातच 'लॅपलंड' निघाली. त्यांतल्या न्यू फॉरेस्टजवळच्या एकाची गोष्ट तिकडे घरोघरी ठाऊक आहे. २००८ साली माणशी तीस पौंडांपर्यंत तिकीट काढून कुटुंबे पोचली, तर पुढे चिखल, प्लास्टिकचे अस्वल आणि सांतापुढे तासन्‌तास रांग. हजारोंनी तक्रारी केल्या आणि आठवड्याभरात ते बंद पडले. चालकांना २०११ साली शिक्षा झाली; खटल्यातल्या एका ज्युरी सदस्यावरून प्रश्न उठल्याने ती पुढे रद्दही झाली. इथे मात्र जुना नियम मोडला होता: मांडीचेच पैसे घेतले होते.

त्या शनिवारी गल्ल्यापाशी मुलगी पाकीट न घेताच वळली होती. माझ्या बोलण्याने तिचे मन मोडले, हे मला दिसत होते. मागचे लोक खोळंबले होते. मी तिला थांबवले आणि दीड रुपयाची गोष्ट चार वाक्यांत सांगितली. तिला ती ठाऊक नव्हती. आपल्याला एक आत्या होती एवढेच तिने ऐकले होते. मग मोठे पाकीट मी घेतले. किती डॉलर पडले ते इथे लिहीत नाही, घरात हा अंक वाचला जातो.

फोटो आता बेळगावच्या घरी देव्हाऱ्याशेजारी आहे. नात तोंड वासून रडते आहे. म्हाताऱ्याने तिला सैल धरले आहे, सवयीचा हात आहे त्याचा. ती त्याच्याकडे पाहत नाही, चौकटीबाहेर डावीकडे पाहते आहे. तिकडे तिचा कोट हातावर घेऊन मी उभा होतो.