टवाळ नायकाची कुळकथा

समर्थ रामदासांनी विनोद टवाळांच्या पदरात टाकला आणि तेव्हापासून हसवणाऱ्या माणसाकडे आपण जरा खालच्या नजरेनंच बघत आलो. आज मी एका पुरत्या टवाळ चित्रपटाबद्दल बोलणार आहे. 'डेडपूल 2' हा तो चित्रपट. 2018 च्या मे महिन्यात तो आला. लाल मुखवटा घालणारा त्याचा नायक अमेरिकी कॉमिक्समधून आलेला. हा गृहस्थ हाणामारी चालू असताना मध्येच थेट प्रेक्षकांशी बोलतो, आपल्याच चित्रपटाच्या लेखकांना आळशी ठरवतो, इतर महानायकांची यथेच्छ टर उडवतो. चित्रपट बघितल्यावर मला त्याच्यापेक्षा त्याच्या कुळाचं कुतूहल जास्त वाटलं. नायकाला हसायला माणसं कधी शिकली? आणि त्या हसण्याची किंमत कोणी मोजली?

माझ्या पिढीचा महानायक म्हणजे वेताळ. ली फॉक या अमेरिकी लेखकानं 1936 मध्ये त्याला जन्माला घातलं आणि 1964 मध्ये सुरू झालेल्या 'इंद्रजाल कॉमिक्स'नं त्याला आपल्या घराघरांत आणलं. कवटीची गुहा, कवटीचं सिंहासन, ठोसा मारला की जबड्यावर कवटीचा ठसा. जंगलातले सगळे काळे लोक एका गोऱ्या माणसापुढे आदरानं उभे आहेत, याचं आम्हा पोरांना तेव्हा काहीच वाटलं नाही. एवढ्या उकाड्यात हा अंगाला घट्ट चिकटलेला पोशाख घालून हिंडतो कसा, हा साधा प्रश्नही कोणी विचारला नाही. श्रद्धा म्हणतात ती हीच असावी.

वेताळानंतर दोन वर्षांनी, 1938 मध्ये सुपरमॅन आला. जेरी सीगल आणि जो शूस्टर ही त्याला घडवणारी दोन पोरं. दोघंही स्थलांतरित ज्यू कुटुंबांतली, क्लीव्हलँडच्या शाळेतले दोस्त. जगातल्या सर्वांत बलवान माणसाचे हक्क त्यांनी 130 डॉलरला विकून टाकले. पुढं प्रकाशकांनी त्याच्यावर अमाप पैसा मिळवला आणि हे दोघं कोर्टाच्या पायऱ्या झिजवत राहिले. अखेर 1975 मध्ये, बराच बोभाटा झाल्यावर, कंपनीनं त्यांना वर्षाला वीस-वीस हजार डॉलर पेन्शन आणि श्रेयनामावलीत जागा दिली. उडणारा माणूस कल्पनेतून काढणाऱ्यांच्या पायाखाली अशी जमीनसुद्धा नव्हती.

या सुपरमॅनला पहिल्यांदा खणखणीत हसलं ते 'मॅड' नावाचं कॉमिक. साल 1953. हार्वे कर्ट्झमननं लिहिलं, वॉलेस वूडनं चित्रं काढली आणि नाव दिलं 'सुपरडूपरमॅन'. यातला नायक वर्तमानपत्राच्या कचेरीत पिकदाण्या साफ करतो. वेश बदलला, अचाट ताकद आली, तरी मनानं तो तसाच क्षुद्र राहतो आणि ज्या मुलीवर त्याचा जीव, ती त्याला तोंडावर तसं सुनावते. अवघी आठ पानं. मूळ सुपरमॅनच्या मालकांनी खटल्याची धमकी दिली म्हणतात. म्हणजे बाण वर्मी लागला होता.

पण खरा तडाखा पुढच्या वर्षी बसला. फ्रेडरिक वेर्थम या मनोविकारतज्ज्ञानं कॉमिक्समुळं मुलं बिघडतात असं सांगणारं पुस्तक 1954 मध्ये लिहिलं. अमेरिकी सिनेटच्या समितीपुढं सुनावण्या झाल्या. 'मॅड'चे प्रकाशक विल्यम गेन्स यांनीही तिथं साक्ष दिली. सरकारी कायदा येण्याआधीच घाबरलेल्या प्रकाशकांनी आपल्या हातानं आचारसंहिता तयार केली. तिच्यात रक्त, भुतं, चावट चित्रं यांना बंदी होती, ते समजू शकतं. पण पोलीस, न्यायाधीश, सरकारी अधिकारी आणि प्रतिष्ठित संस्था यांच्याविषयी अनादर वाटेल असं काही दाखवायचं नाही, असंही एक कलम तिच्यात होतं. पोरांच्या चित्रकथांत न्यायाधीशाच्या अब्रूची काळजी! 'मॅड'नं 1955 मध्ये मासिकाचं रूप घेतलं. ही आचारसंहिता मासिकांना लागू नव्हती, त्यामुळं तिथलं हसू तेवढं वाचलं. बाकीच्यांच्या मुखपृष्ठांवर पुढं कित्येक वर्षं तो शिक्का होता. मार्व्हल कंपनीनं तो 2001 मध्ये सोडला, शेवटच्या दोन कंपन्यांनी 2011 मध्ये.

डेडपूल जन्मला 1991 मध्ये, रॉब लिफेल्ड आणि फेबियन निसिएझा यांच्या हातून. सुरुवातीला तो साधा भाडोत्री मारेकरी होता. आपण कॉमिकमधलं पात्र आहोत हे त्याला कळतं, ही त्याची ओळख 1997 नंतर जो केली या लेखकाच्या मालिकेतून ठळक झाली.

हे मी नंतर वाचलं. चित्रपट पाहिला तो हिंदीत, भाच्याबरोबर. 'मामू, तुमच्यासारख्या तिरकस माणसाला आवडेल,' म्हणाला. डेडपूलला आवाज होता रणवीर सिंगचा. कथा तशी हळवी आहे. अद्भुत शक्ती घेऊन जन्मलेला एक पोरगा अनाथाश्रमात आहे, ती शक्ती 'बरी' करण्याच्या नावाखाली तिथले मुख्याध्यापक त्याचा छळ करतात, आणि हा पोरगा पुढं खुनी होणार म्हणून भविष्यातून एकजण त्याला मारायला आला आहे. डेडपूल मध्ये उभा राहतो. मला हसू आलं, पण घशाशी काहीतरी अडकलंही. तुम्ही मुळातच चुकीचे जन्मला आहात, असं एखाद्या पोराला सांगण्याचे प्रकार जगात पुष्कळ आहेत.

आणि त्यात दोपिंदर आहे. न्यूयॉर्कच्या टॅक्सीत असावा तसा भारतीय टॅक्सीवाला. दिल्लीत जन्मलेल्या करण सोनीनं तो केला आहे. पहिल्या भागात त्याच्या टॅक्सीत 'श्री 420'मधलं मुकेशचं जपानी जोड्याचं गाणं लागतं, दुसऱ्या भागात आशुतोष गोवारीकरांच्या 'स्वदेस'मधलं. गाणं लागताच आमच्या थिएटरात शिट्ट्या झाल्या. मी मात्र सावरून बसलो. नायकाला हसणं वेगळं आणि परमुलखातल्या टॅक्सीवाल्याला हसणं वेगळं. नावावरून, बोलण्यावरून ज्यांच्यावर हसलं जातं त्यांच्या रांगेत मीही कधीमधी बसलेलो आहे. पण हा भित्रा दोपिंदरच शेवटी त्या मुख्याध्यापकाला टॅक्सीखाली घेतो. हे काम पटकथेनं कुठल्याही महानायकाला दिलं नाही, याबद्दल मी तिचे शंभर गुन्हे माफ केले.

प्रेक्षकांशी थेट बोलणं आपल्याला नवं नाही. तमाशाच्या गौळणीत मावशी आणि पेंद्या साक्षात कृष्णाला धारेवर धरतात. 1965 च्या वसंत सबनीसांच्या 'विच्छा माझी पुरी करा'त दादा कोंडके त्या दिवशीच्या बातमीवर ऐनवेळी कोटी करत. फरक इतकाच, की ज्याची टर उडवायची तो गावचा पाटील समोर पहिल्या रांगेत बसलेला असे. सोंगाड्याला रात्र त्याच गावात काढायची असे.

डेडपूलचा पाटील कोण? 2019 मध्ये डिस्नेनं फॉक्स कंपनीचा चित्रपट व्यवसाय विकत घेतला आणि त्याबरोबर डेडपूलही त्यांच्या पदरी आला. 2024 च्या 'डेडपूल अँड वुल्व्हरिन'मध्ये तो याच डिस्नेची नाव घेऊन खिल्ली उडवतो, बुडालेल्या फॉक्सवर तोंडसुख घेतो. हे सगळं मालकाच्या परवानगीनं, मालकाच्या पैशानं. त्या चित्रपटानं जगभरात 130 कोटी डॉलरहून अधिक गल्ला जमवला. 1953 मध्ये मालक आठ पानांवर खटला भरायला निघाले होते. आताच्या मालकांना टवाळी परवडते, इतकंच नव्हे, ती त्यांच्या हिशोबाच्या वहीत जमेच्या बाजूला आहे. मी तोही चित्रपट पाहिला आणि पोट धरून हसलो. मावशीला पाटलानंच महिन्याच्या पगारावर ठेवलं असतं तर पुढच्या जत्रेत तिनं काय विचारलं असतं, हे मात्र मला अजून ठरवता आलेलं नाही.